सोने, सिमेंट, स्टील: दागिन्याचा आणि चौकातल्या शिल्पाचा अर्थ कशात असतो?

शिवडीकर

मुंबईतल्या कलादालनांत आणि छोट्या प्रदर्शनांत हल्ली दागिन्यांचे जे नवे काम दिसते, त्यात सोने शोधावे लागते. काच, रेझिन, काँक्रीट, कागद, जुन्या यंत्रांचे सुटे भाग अशा वस्तूंपासून गळ्यातले आणि कानातले घडवणारे तरुण डिझाइनर बरेच आहेत. चौकांत आणि नव्या व्यापारी संकुलांच्या अंगणांतही ब्राँझ आणि संगमरवर मागे पडून स्टेनलेस स्टील, भंगार आणि फायबर पुढे आले आहे. या दोन गोष्टींची चर्चा सहसा वेगवेगळी होते. मला ती एकत्र व्हावी असे वाटते, कारण वस्तूचे मोल आणि वस्तूचा अर्थ यांचे नाते काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

सुरुवात आपल्याच घरातल्या दागिन्यापासून करतो. मंगळसूत्रात वाट्या सोन्याच्या असतात आणि काळे मणी काचेचे. मोड द्यायची वेळ आली की सोनार मणी काढून बाजूला ठेवतो आणि फक्त वाट्यांचे वजन करतो. तरीही गळ्यात असताना त्या दागिन्याची ओळख पटते ती मण्यांवरून. म्हणजे त्या वस्तूतला सर्वांत स्वस्त भाग तिचा अर्थ वाहतो आणि महाग भाग तिची किंमत वाहतो. वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेला तर मोडच नाही, आणि ती गळ्यात घालताना जी बंधने स्वीकारावी लागतात ती कोणत्याही तोळ्यांच्या हारासोबत येत नाहीत.

हेच सूत्र युरोपातल्या दागिनेकारांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जाणीवपूर्वक ताणून पाहिले. ओटो क्युन्झली या स्विस कलावंताने १९८० मध्ये काळ्या रबराची एक बांगडी केली आणि तिच्या आत सोन्याची गोळी बंद केली. बाहेरून दिसतो तो फक्त एक फुगवटा. सोने आहे यावर घालणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने विश्वास ठेवायचा. रबर झिजून फाटेल तेव्हाच ते दिसेल, पण तेव्हा कलाकृती संपलेली असेल. या कामाचे नावच ‘सोने आंधळे करते’ असे आहे. त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, हॉलंडच्या गाइस बाकर यांनी सोन्याची बारीक तार दंडाभोवती आणि पायाभोवती आवळून बांधली आणि ती काढल्यावर कातडीवर उमटलेला वळ हाच दागिना मानला. काही मिनिटांत पुसला जाणारा तो दागिना कोणत्याच तिजोरीत मावत नाही.

आता शिल्पाकडे येतो. मुंबईत १९५४ साली जन्मलेले अनिश कपूर यांचे शिकागोमधले ‘क्लाउड गेट’ १६८ पोलादी पत्रे जोडून आणि त्यांचे सांधे पूर्ण नाहीसे होईपर्यंत घासून केलेले आहे. ते शहराला स्वतःचे प्रतिबिंब दाखवते, आणि त्यासाठी त्याचा पृष्ठभाग सतत स्वच्छ ठेवावा लागतो. त्याच कपूर यांनी २०१० मध्ये बुल्गारी या इटालियन दागिने-कंपनीसाठी अंगठी केली, तीही आरशासारख्या पोलादाची, कडेला गुलाबी सोने. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांची तरंगती शिल्पे सर्वांना ठाऊक असतात, पण त्यांनी आयुष्यात सुमारे १८०० दागिने हाताने घडवले. पितळ आणि चांदीची तार ठोकून, वळवून, शक्यतो डाख (वितळलेल्या धातूचा जोड) न देता. १९५५ मध्ये ते साराभाई कुटुंबाच्या आमंत्रणावरून अहमदाबादला आले होते आणि तिथेही त्यांनी शिल्पांबरोबर दागिने केले.

माझे मत असे होत चालले आहे की द्रव्य स्वस्त झाले म्हणजे अर्थ आपोआप गाढ होत नाही. नव्या दागिन्यांविषयीच्या लेखनात असा समज पुष्कळदा आढळतो. सोन्याला सांभाळणारे जग आधीच तयार असते: सोनार, तिजोरी, तारण ठेवून घेणारी बँक. काँक्रीटच्या कर्णफुलाला असे जग नसते, म्हणून त्याचा सगळा भार घालणाऱ्यावर पडतो. चौकातल्या शिल्पाला तर घालणारा कोणी नसतोच. मग ते कोण सांभाळतो? जाणकारांनी लिहावे.

मूस आणि फुंकणी

धागा चांगला आहे. आमच्या घरात सोनारकाम तीन पिढ्यांचे, जागा गिरगावात आणि व्यवहार झवेरी बाजारात, म्हणून काही गोष्टी नोंदवतो.

आपण मोलाला आणि अर्थाला वेगळे केले आहे. आमच्या गादीवर ते इतके वेगळे कधीच नव्हते. ठुशी, मोहनमाळ, चिंचपेटी यांची घडण गिऱ्हाईक ओळखते, नावाने मागते, आणि तरीही बिल करताना घडणावळ वेगळी आणि सोने वेगळे लिहिले जाते. मोडीला आलेल्या दागिन्याची घडणावळ शून्य होते. ज्या कारागिराने कोल्हापुरी साजाची पाने ठशातून काढून त्यांत लाख भरली, त्याच्या हाताची किंमत मुशीत जाते. एवढेच काय, लाखेचे वजनही वजा होते, आणि ते किती वजा करायचे यावरून किती दुकानांत भांडणे झाली असतील ते सांगता येणार नाही. म्हणून आपण म्हणता तसे सोन्याला सांभाळणारे जग आहे हे खरे, पण ते जग धातू सांभाळते. काम सांभाळत नाही.

सरकारने द्रव्यात हात घातला की काय होते याचा अनुभवही या धंद्याने घेतला आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावर बंदी आली. म्हणजे शंभरात जेमतेम ५८ भाग सोने. लोकांनी ते सोने मनापासून कधी स्वीकारले नाही. हजारो सोनारांचे काम गेले, आमच्या ओळखीतली काही घरे त्या काळात धंदा सोडून गिरण्यांत आणि कारखान्यांत लागली. पुढे बंधने सैल झाली, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तोही १९९० मध्ये रद्द झाला. पाश्चात्त्य कलावंताने सोने लपवले तर ती कलाकृती होते. इथे कायद्याने सोने कमी केले तेव्हा लोकांनी जुना दागिना पेटीतून बाहेरच काढला नाही. सोन्याच्या कसावरचा विश्वास हा इथल्या दागिन्याच्या अर्थाचाच भाग आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक ही त्याच विश्वासाची आजची मोहोर आहे.

आणखी एक. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत आणि कारखान्यांत पडलेली धूळ झाडून, धुऊन तिच्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी अजून आहेत. कारागिराचे हात धुतलेले पाणीसुद्धा साठवले जाते. द्रव्याचा एवढा मान कोणत्याही कलादालनात पाहिला नाही. नव्या डिझाइनरांनी द्रव्याबद्दल बोलताना एकदा तिथे उभे राहावे, असे मनापासून वाटते.

अनुराधा_पार्ले

शिवडीकर, आपले उदाहरण सुंदर आहे, परंतु एका बाजूकडे दुर्लक्ष झाले आहे असे मला वाटते. दागिना हे अनेक बायकांचे एकमेव स्वतःचे धन असते. पाटल्या मोडून मुलीची फी भरणाऱ्या बाईला त्या पाटल्यांचा अर्थ कोणी शिकवायला नको. ज्यांच्याकडे बँकेत पुरेसे पैसे आहेत, त्यांनाच काँक्रीटचे कर्णफूल परवडते, आणि बहुतेक वेळा ते स्वस्तही नसते. आपल्याकडे बिनसोन्याच्या दागिन्यांची फार मोठी बाजारपेठ आधीपासून आहेच. एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेल्या ठुश्या आणि तन्मणी दादरच्या फुटपाथवर मिळतात, लग्नसराईत हजारो बायका ते घालतात, कारण खरे लॉकरमध्ये असते आणि लोकलमध्ये खरे घालून कोणी जात नाही. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

मला स्वतःला नवे काम आवडते. ते विकत घेताना मी एवढेच विचारते की कडी निघाली किंवा रेझिन पिवळे पडले तर दुरुस्ती कोण करणार. समाधानकारक उत्तर क्वचित मिळते.

ओतकाम

मी धातूच्या ओतकामात आयुष्य काढले आहे. पुतळ्यांचे कामही बरेच केले, म्हणून शिल्पाच्या बाजूने लिहितो.

प्रथम एक साम्य सांगतो, जे दोन्ही क्षेत्रांतल्या लोकांना माहीत असते पण ते एकमेकांना सांगत नाहीत. अंगठी आणि अश्वारूढ पुतळा यांची प्रक्रिया मुळात एकच आहे. मेणाची प्रतिकृती, तिच्याभोवती साचा, मेण वितळवून बाहेर, आणि त्या पोकळीत रस. झवेरी बाजारात आज मेणाचा नमुना संगणकावर आखून यंत्रातून काढतात, अनेक नमुने एका मेणाच्या दांड्याला झाडासारखे जोडतात आणि प्लास्टरमध्ये बुडवून भट्टीत घालतात. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, पुतळ्याचे ब्राँझही हजार अंशांच्या आसपासच. फरक पडतो तो आकाराने. अंगठी भरीव चालते. पुतळा भरीव ओतला तर धातू असमान थंड होऊन तडे जातात आणि खर्चही झेपत नाही, म्हणून तो पोकळ, साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीचा ओततात. मोठा पुतळा तुकड्यांत ओतून जोडावा लागतो. त्यामुळे पुतळ्याचे खरे बळ बाहेरून दिसणाऱ्या ब्राँझइतकेच आतल्या सांगाड्यात आणि सांध्यांत असते, आणि प्रेक्षक ते कधीच पाहत नाही. ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’ १८२ मीटर उंच आहे, पण रचनेच्या दृष्टीने ती काँक्रीटचा गाभा आणि पोलादी सांगाडा असलेली इमारत आहे. ब्राँझ हे तिचे कवच आहे. यात कमीपणा काही नाही. मात्र ‘ब्राँझचा पुतळा’ म्हणताना आपण नक्की कशाबद्दल बोलतो, हे ठाऊक असावे.

आता मुंबईची हवा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते आणि पावसाळ्यात ते ओलाव्याबरोबर प्रत्येक सांध्यात शिरते. ब्राँझवर चांगला थर धरला तर तो थरच त्याचे रक्षण करतो, परंतु मिठातले क्लोराइड आत शिरले की भुकटीसारखी फिकट हिरवी कीड पसरत जाते. स्टेनलेस स्टीलबद्दल लोकांचा समज असतो की ते गंजतच नाही. ३०४ प्रतीचे स्टील समुद्राजवळ काही पावसाळ्यांत तपकिरी ठिपके धरते. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून ते मिठाला अधिक टिकते, पण ते महाग असते आणि निविदेत पुष्कळदा नुसते ‘एस. एस.’ एवढेच लिहिलेले असते. मुद्दाम गंजू देण्यासाठी बनवलेले जे पोलाद परदेशी शिल्पांत देखणे दिसते, त्याचा रक्षक थर खाऱ्या ओल्या हवेत नीट बसत नाही आणि ते खात जाते.

मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण होऊन २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, हे सर्वांना आठवत असेल. एकच पावसाळा गेला होता. त्याच्या कारणांची चर्चा इथे नको, ती दुसरीकडे भरपूर झाली आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या दिवशी राज्यातल्या सामान्य माणसाने प्रथमच सांगाडा, बोल्ट आणि गंज हे शब्द पुतळ्याच्या संदर्भात उच्चारले. त्याआधी चर्चा व्हायची ती उंचीची.

शिवडीकरांच्या प्रश्नाला माझे उत्तर: चौकातले शिल्प कोणीही सांभाळत नाही. ते बसवण्याचा खर्च मंजूर होतो, धुण्याचा आणि मेण लावण्याचा होत नाही.

फोर्टातला फिरस्ता

‘कोणीही नाही’ हे पूर्ण खरे नाही. फ्लोरा फाउंटन पाहा. १८६४ साली उभारलेले हे कारंजे इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडातले आहे. त्याच्यावर वर्षानुवर्षे पांढऱ्या तैलरंगाचे थर चढत गेले. रंग देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, त्यांना ते स्वच्छच ठेवायचे होते, पण दगडाचा पोत आणि कोरीवकामाची धार त्या रंगाखाली गडप झाली. अखेर ते थर उतरवून, नळव्यवस्था दुरुस्त करून २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. आज जवळ जाऊन पाहिले तर दगड दगडासारखा दिसतो. म्हणजे सांभाळणे म्हणजे काय, यावरही एकमत हवे.

आणि काळ्या घोड्याची कथा तर या धाग्यासाठीच घडली असावी. मूळ पुतळा एडवर्ड राजपुत्राचा, घोड्यावर बसलेला, डेव्हिड ससून घराण्यातल्या अल्बर्ट ससून यांनी दिलेला, १८७९ चा. १९६५ मध्ये तो हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. चौकाचे नाव मात्र घोड्याचेच राहिले. राजपुत्राचे नाव लोकांच्या तोंडी कधी बसलेच नव्हते. २०१७ मध्ये श्रीहरी भोसले या शिल्पकाराने घडवलेला नवा घोडा तिथे आला, त्याच्या पाठीवर कोणीही नाही. पन्नासहून अधिक वर्षे तो चौक नुसत्या नावावर चालला. या उदाहरणापुढे द्रव्याची सगळीच चर्चा मला थोडी फिकी वाटते.

नव्या कामांत दोन लक्षात राहिली. क्रॉस मैदानावरचा नुरू करीम यांचा पोलादी चरखा, जो चालताना कोन बदलला की कधी चरखा दिसतो आणि कधी नुसती पात्यांची रचना. आणि वांद्रे-कुर्ला संकुलातली सुदर्शन शेट्टी यांची पंख लावलेली दुमजली बस. ती बसवली तेव्हा तिच्यासारख्या लाल बसगाड्या रस्त्यावर धावत होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टची जुन्या धाटणीची शेवटची दुमजली बस बंद झाली. शिल्पाला कोणी हात लावला नाही, तरी त्याचा अर्थ बदलला: आधी ती गंमत होती, आता ती स्मारकाच्या वाटेवर आहे. मात्र ती एका खाजगी व्यापारी संकुलाच्या आवारात आहे, आणि तिथे तिला पुसायला माणूस आहे. विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमधला २०१४ चा भव्य कलासंग्रहही तसाच, उत्तम राखलेला, आणि तो नीट पाहायला विमानाचे तिकीट लागते. नीट राखलेली सार्वजनिक कला मुंबईत बहुधा खाजगी जागेत असते, हे निरीक्षण कोणाला खोडता आले तर आनंद होईल.

जेजेचा जुना विद्यार्थी

दागिना आणि शिल्प यांच्या मधली जागा व्यापणाऱ्या कामांचा उल्लेख राहिला आहे. मुंबईचे सुनील गावडे यांनी केलेले हार दुरून पाहिले तर लाल फुलांचे भरगच्च हार वाटतात, नेत्याच्या गळ्यात घालावेत असे. जवळ गेल्यावर कळते की प्रत्येक पाकळी दाढीचे रंगवलेले पाते आहे. इथे द्रव्य स्वस्त की महाग हा मुद्दाच उरत नाही. हार गळ्यात घालायची कल्पना करताच मान आखडते, आणि कलाकृती नेमकी त्या क्षणी पूर्ण होते. शीला गौडा यांनी १९९८ मध्ये शेकडो सुयांतून ओवलेल्या धाग्यांचे कुंकवाने माखलेले लांबच लांब दोर केले, त्यांच्या टोकाला सुयांचे झुबके तसेच ठेवले. तेही मला एखाद्या प्रचंड गळेसरीसारखेच दिसले आहे.

तंत्राच्या बाजूने ‘ओतकाम’ यांच्या मुद्द्याला एक जोड. शिल्पकार मीरा मुखर्जी यांनी बस्तरच्या घडव्यांकडून (तिथल्या पारंपरिक धातुकारांकडून) मेणाच्या दोऱ्यांचे ओतकाम शिकून घेतले. त्या पद्धतीत मेणाची बारीक सुते करून ती आकारावर गुंडाळतात, आणि धातू ओतल्यावर प्रत्येक सूत रेघ होऊन उमटते. हे मूळचे लहान मूर्तींचे आणि दागिन्यांचे काम. मुखर्जींनी १९७२ च्या ‘कलिंगातील अशोक’ या प्रचंड शिल्पात तेच वापरले. शिल्प माणसाहून कितीतरी उंच, आणि पृष्ठभाग मात्र एखाद्या पैंजणासारखा जवळून वाचायचा. मला वाटते, आजचे बरेच डिझाइनर द्रव्य बदलतात पण हात बदलत नाहीत, आणि मुखर्जींनी द्रव्य तेच ठेवून हात बदलला. त्यांचे काम म्हणूनच जुने होत नाही.

अनुराधाताईंच्या दुरुस्तीच्या प्रश्नाला शिक्षणक्रमात जागाच नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. शेवटच्या वर्षाचे प्रदर्शन तीन-चार दिवस टिकले की गुण मिळतात.

मूस आणि फुंकणी

दुरुस्तीवरून टायटॅनियमचा विषय काढतो, कारण तो आमच्याकडे आता येऊ लागला आहे. सोन्याची घनता १९.३ आणि टायटॅनियमची ४.५, म्हणजे मोठे कर्णफूलही कानाला जड होत नाही. विजेच्या प्रवाहाने त्याच्यावर अतिशय पातळ ऑक्साइडचा थर चढवला की निळा, जांभळा, सोनेरी असे रंग येतात, त्यात रंगद्रव्य अजिबात नसते. हाँगकाँगचे वॉलेस चॅन यांनी आधी रत्नांच्या दागिन्यांत ते वापरले आणि २०२१ मध्ये व्हेनिसला त्याच धातूची मोठी शिल्पे मांडली.

परंतु आमच्या फुंकणीने त्याला डाख बसत नाही. लेझर लागतो, नाहीतर रिव्हेट किंवा स्क्रू. अंगठी बोटाला घट्ट झाली तर सोन्याची अंगठी अर्ध्या तासात वाढवून देता येते. टायटॅनियमची बहुधा नवी करावी लागते. काल्डर यांनी डाख टाळून तार वळवली असे वर वाचले. तसा दागिना कोणीही चिमट्याने पुन्हा बसवू शकतो. मला ते टायटॅनियमपेक्षा पुढारलेले वाटते.

गिरणगावातील एक वाचक

इतके दिवस नुसते वाचत होतो. एक प्रत्यक्ष अडचण मांडतो, सल्ला मिळाल्यास उपकार होतील.

आमच्या चाळीच्या मंडळाकडे बंद पडलेल्या गिरणीच्या यंत्रांचे काही भाग आहेत. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) एक दातेरी चक्र, साच्याची म्हणजे मागाची एक बाजू, मागात आडवे सूत नेणारे लाकडी धोटे आणि मूठभर चात्या. भंगारात जाताना काही जुन्या कामगारांनी ते विकत घेऊन ठेवले. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपात आमच्या इमारतीतल्या जवळपास प्रत्येक घरातले कोणी ना कोणी होते. मंडळाच्या अंगणात याचे काही शिल्प करावे असा विचार आहे. एका गटाचे म्हणणे, कामगाराचा ब्राँझचा अर्धपुतळा करावा आणि हे भाग चौथऱ्यात बसवावेत. दुसऱ्या गटाचे म्हणणे, हेच भाग उभे करावेत, पुतळा नको. एका मुलीने धोट्याच्या टोकाच्या धातूच्या टोप्यांपासून छोटे पदक करून घरोघरी द्यावे अशीही कल्पना काढली आहे. पैसे बेताचे आहेत.

शिवडीकर

मी दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. अर्धपुतळा केला की तो कोणत्या कामगाराचा, असा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहील आणि चेहरा साच्यातला असल्याने त्याला उत्तर नसेल. चक्राला मात्र ज्या हातांनी तेल घातले ते हात अजून तुमच्या चाळीत आहेत. पदकाची कल्पना मला फार आवडली. ज्या वस्तूला बाजारात मोड नाही अशी ती वस्तू असेल, आणि घरातल्या सोन्याच्या डब्यात ठेवली जाईल.

अनुराधा_पार्ले

पदक करताना मागच्या बाजूला घराचा खोली क्रमांक कोरावा. पुढच्या पिढीला ते कुठून आले हे विचारायला कोणी नसेल तर निदान तेवढे कळेल. आणि कडी मजबूत घ्यावी.

मूस आणि फुंकणी

टोप्या लोखंडाच्या आहेत की पितळी, हे आधी पाहावे. पितळी असतील तर काम सोपे आहे: त्यांना आच न देता वरचा भाग कापून, कडा घासून, छोटी कडी रिव्हेट करावी. उजाळा देऊ नका. वर्षानुवर्षे सुताने घासून आलेली जी चमक आहे ती यंत्रावर दोन मिनिटांत जाईल आणि परत आणता येणार नाही. लोखंडी असतील तर गळ्यात घातल्यावर घामाने डाग पडतील, तेव्हा ते भिंतीवरच्या खुंटीसाठी करावे. झवेरी बाजारात हे काम घेणारे कारागीर आहेत. वजनावर मजुरी न लावता नगावर ठरवून घ्यावी.

ओतकाम

बीड हे जाड असेल तर हळू गंजते, म्हणून चक्र उघड्यावर चालेल, साच्याची बाजू मात्र पत्र्याच्या छपराखाली ठेवा. चौथरा थोडा उंच करा आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. चक्राच्या तळाशी पाणी साठले तर तिथूनच खाल्ले जाईल. बीड आणि पितळ एकमेकांना चिकटवून ठेवू नका, मध्ये नायलॉनची चकती घाला, नाहीतर ओलाव्यात बीड आधी जाईल. बिडाला वेल्डिंग करायला निघालेल्या माणसाला थांबवा, साध्या वेल्डिंगने ते जोडाशेजारी तडकते. बोल्टच वापरा, ३१६ प्रतीचे, आणि दुकानदाराकडून तसे लिहून घ्या. तैलरंग लावू नका. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी फडक्याने पुसून मेणाचा किंवा तेलाचा हात द्यायचा, आणि तो कोणी द्यायचा याचा ठराव मंडळाच्या वहीत आजच लिहून ठेवा, चौथऱ्याचा खर्च लिहिता त्याच पानावर.

चक्राची जाडी आणि दात्यांजवळचे फोटो पाठवले तर वजन अंदाजाने काढून बोल्टचा आकार सांगतो. तोवर त्याला तारेचा ब्रश लावू नका.